मास्तरांची लग्नातली पँट

शिंपीमास्तरांना दमा जडला तो सत्तेचाळिसाव्या वर्षी. लहानपणी साधा खोकलाही न झालेला हा माणूस आता कापायच्या टेबलापासून दारापर्यंत गेला तरी छातीतून सूं सूं आवाज काढायचा. गिऱ्हाइकं विचारायची, "मास्तर, मशीनला तेल घालायचं राहिलंय वाटतं?"

डॉक्टरीणबाईंनी पंप दिला, तो कसा ओढायचा ते शिकवलं आणि मास्तरांना काट्यावर उभं केलं. "या वयात दमा सुरू व्हायला बरीच कारणं असतात. वाढलेलं वजन हे त्यातलं एक. तुमचं किती वाढलंय?"

"गुंजभरही नाही!" मास्तर म्हणाले. "ही अंगावरची पँट लग्नातली आहे. एकवीस वर्षं झाली, अजून बटण लागतं."

शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंनी मान खाली घातली.

"मग कापडाची धूळही बघावी लागेल. तिचाही त्रास होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी तेवढंच कानात साठवलं आणि घरी येईपर्यंत निकालही लावला: दुकान बंद. शेजारच्या चष्मेवाल्याला जागा हवीच होती, तो शनिवारी कागद घेऊन येणार होता. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. कात्रीशिवाय हा माणूस तासभर धड बसत नसे, मग घरी बसून त्याचं काय झालं असतं ते सांगायला डॉक्टर नको.

आता मास्तरीणबाईंच्या पोटातली गोष्ट. दहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर मास्तरांच्या याच पँटचं बटण तुटून टेबलाखाली गेलं होतं. गिऱ्हाईक हसलं आणि मास्तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. दुसऱ्यांचे कपडे बेतणाऱ्याला स्वतःचेच होईनात, ही सल होती. बाईंना ते बघवेना. दुकानातली उसवाउसवी त्यांच्याचकडे होती. त्यांनी गुपचूप मागची शिवण अर्धा इंच सैल केली. पुढे हे व्रतच झालं. अख्ख्या गावाची कंबर नुसत्या नजरेनं ओळखणारे मास्तर स्वतःच्या पँटच्या आत कधी डोकावले नाहीत. दिव्याखाली अंधार!

शुक्रवारी दुपारी मास्तर कात्र्या कागदात गुंडाळत होते. बाईंनी ती पँट उलटी करून टेबलावर टाकली.

"हे बघा."

मास्तरांनी चष्मा लावला. उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी कापडावर राहतातच. त्यांनी बोट फिरवून मोजल्या. सहा. तिथं शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जादा कापड संपलं होतं. मग दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांच्या पट्ट्या, जुन्या शिलकी तुकड्यातल्या.

"टाका सुरेख आहे," सवयीनं तोंडून निघून गेलं. मग चेहरा उतरला. "म्हणजे हे तू केलंस? अगं, मी डॉक्टरांसमोर छाती काढून सांगितलं!"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं," बाईंना रडू फुटलं. "पण आता गप्प बसले तर उद्या दुकान जाईल आणि दमा घरात राहील. मला तुम्ही धड हवे आहात, मग रागावलात तरी चालेल."

मास्तर रागावले, चांगले तासभर. मग टेप पुढे केली. "घे माप. आणि या वेळी खरं सांग."

"एकेचाळीस."

"लग्नात?"

"चौतीस."

चष्मेवाला आल्या पावली परत गेला. डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, पंप चालू ठेवा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा, नाक बांधून कापा, आणि वजन मात्र उतरवाच. मास्तरांचं दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद झालं. सकाळी नदीपर्यंत चालणं सुरू झालं, आधी चारदा थांबून, मग दोनदा.

चौथ्या महिन्यात एका सकाळी आतून हाक आली, "अगं, पँट घसरतेय!"

बाई धावत गेल्या. मास्तर खूश व्हायला तयार नव्हते. त्यांनी पँट उलटी करून खिडकीपाशी धरली होती आणि ओळी मोजत होते.

"हात लावला नाहीस ना?"

"शपथ नाही."

मास्तरांनी पुन्हा मोजल्या. सहाच होत्या आणि पट्ट्याही तेवढ्याच. त्यांनी भरून श्वास घेतला, आणि छाती वाजली नाही. दोघंही क्षणभर ऐकत राहिले.

"दे ती छोटी कात्री," मास्तर म्हणाले, "आणि तू बस. पहिली पट्टी मी काढणार."