बाईंची दोन मिनिटं

तिसरीच्या बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला की शाळेची घंटासुद्धा हार मानायची. माणूस मात्र लाख मोलाचं. सोमवारी त्यांच्या वर्गात चिमणी आली आणि त्यांची झोपच उडाली. चिमणी ऑटिस्टिक होती, याआधी दोन शाळांनी तिच्यापुढे हात टेकले होते. इथंही ती मधूनच किंचाळून बाक उलथून पाडायची. "पुढच्या शुक्रवारी मी वर्गात येते," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "असंच चाललं असेल, तर तिला दुसरी शाळा बघावी लागेल."

दिवसाआड येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं दिवसभराच्या कामांची चित्रं फळ्याशेजारी क्रमानं लावली, गोंगाटात कानांवर घालायला हेडफोन दिला, खिडकीपाशी निवांत कोपरा केला. चिमणीला सगळं आवडलं. तरी बाक पडायचंच.

"मग लिहून ठेवा," शिक्षिका म्हणाली. "ती बिथरायच्या आधी काय झालं, कोण काय बोललं, शब्दन् शब्द."

बाईंनी इमानेइतबारे लिहिलं. बुधवारी मधल्या सुट्टीत वही वाचताना शिक्षिकेला हसू आवरेना.

"रागावू नका हं बाई, पण पाचही वेळा आधी तुमचंच वाक्य आहे. 'दोन मिनिटं थांब, आलेच.' मग गेलात कधी तिच्याकडे?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांची दोन मिनिटं घरच्यांना पुरती ठाऊक होती. 'दोन मिनिटांत निघते' ऐकलं की नवरा चपला काढून पुन्हा आडवा व्हायचा. पण चिमणीची दोन मिनिटं म्हणजे दोनच मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती पोर एकशेवीस सेकंद शहाण्यासारखी थांबायची, आणि मग तिचा सगळ्यावरचा भरवसा उडायचा. तिला हट्टी म्हणणाऱ्या आपणच तिच्याशी रोज खोटं बोलत होतो, हे बाईंच्या फार जिव्हारी लागलं.

गुरुवारी त्यांनी स्वयंपाकघरातला टायमर शाळेत आणला. दोन मिनिटं म्हटलं की तो फिरवायचा आणि वाजला की हातातलं टाकून चिमणीपाशी पळायचं. दिवसभरात बाईंची पार दमछाक झाली, पण बाक काही पडलं नाही.

शुक्रवारी चिमणी चित्र दाखवायला बाईंपाशी आली, तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात उभ्या.

"बाई, दोन मिनिटं बोलायचंय."

चिमणीनं टायमर फिरवून त्यांच्यापुढे धरला. मुख्याध्यापिकांनी शिस्तीपासून सुरुवात केली, मग पालकांच्या तक्रारी, मग शाळेचं नाव. मुद्द्यावर यायच्या आत टायमर खणखणला.

"संपली," चिमणी म्हणाली.

बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"अजून बोलायचंय?" चिमणीनं विचारलं.

"हो... म्हणजे, बोलायचं होतं."

"घ्या आणखी दोन." तिनं टायमर पुन्हा फिरवला.

मुख्याध्यापिकांना हसूच फुटलं. "आमच्या मीटिंगांना अशी कुणी असती तर!"

"आणि ती दुसरी शाळा?" बाईंनी भीतभीत विचारलं.

"कुठली दुसरी शाळा? इथंच राहू दे तिला." मग बाकीचा वेळ त्या चक्क गप्प उभ्या राहिल्या.

टायमर वाजला. चिमणीनं बाईंचा हात धरून त्यांना आपल्या बाकाकडे ओढलं.

"तुमचं झालं," ती मुख्याध्यापिकांना म्हणाली. "आता बाई माझ्या."