टोपलीवरचा खुळखुळा

खुळ्... खुळखुळ!

भर दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला आणि दक्षाला थोपटणारा मयुराचा हात थांबला. तासभर अंगाई गाऊन चार वर्षांची ती भवानी आत्ता कुठे डोळे मिटत होती. ओसरीवर सासूबाई घोरत होत्या. म्हणजे चोर तिसराच.

चोर सापडणं मयुराला फार गरजेचं होतं. नूतनवन्सं आणि त्यांच्या सासरची माणसं रविवारी तलासरीहून यायची होती. त्यांच्यासाठी हिराबाईंनी टोपलीत गवत घालून वाडीतले चिकू पिकत ठेवले होते आणि ते रोज कमी होत होते. "नेमका मऊ झालेलाच उचलते हो कुणीतरी," असं म्हणताना त्या सुनेकडेच बघायच्या. पाणी भरायला आलेल्या नवशीपर्यंत ही बातमी गेली होती. शेवटी त्यांनी नवऱ्याला फर्मावलं, "कुंपणावरचा खुळखुळा आणा कापून. टोपलीवर बांधते. हात घातला की वाजेलच." त्या पिवळ्या फुलांच्या झुडपाची शेंग वाळली की आत बिया सुटतात नि खुळखुळ वाजतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. देवजींनी लगोलग फांद्या आणून दिल्या होत्या.

मयुरा चवड्यांवर आत गेली. टोपलीत कोपरापर्यंत हात घालून खुद्द देवजीच उभे!

"आबा! अहो, तुमची शुगर!"

"हळू गं पोरी." म्हातारा शेंगांकडे रागाने बघत कुजबुजला. "मुद्दाम हिरव्या शेंगांचा आणला होता मी. हिरवी शेंग मुकी असते."

"पाच दिवस चुलीच्या धगीत आहे तो, आबा. चिकू पिकले तशा शेंगाही पिकल्या!"

चाळीस वर्षं वाडी केलेल्या माणसाला एवढं सुचू नये? मयुराने पदर तोंडात कोंबला. पण देवजी हसत नव्हते.

"तिला कळलं तर वाडी ठेक्याने देईल. तसं बजावलंय तिनं. गोड खाल्लंत तर वाडीत पाऊल नाही म्हणे. मग दिवसभर मी काय करायचं गं, टीव्हीपुढे बसायचं?"

ओसरीवरचं घोरणं थांबलं. "कोण गं ते?"

नावावरचा डाग धुऊन काढायची हीच वेळ होती. मयुराने सासऱ्यांकडे पाहिलं.

"आजपासून बंद. शपथ?"

"शपथ, शपथ!"

तिने त्यांच्या हातातला चिकू हिसकावला नि सालीसकट चावला.

"सापडलीस!" हिराबाई दारात उभ्या. आपलं खरं ठरल्याचा इतका आनंद झाला की त्या रागवायच्याच विसरल्या. "मी म्हणत नव्हते? आता निदान बसून खा, बाई. साल तरी काढ!"

देवजी पाठमोरे होऊन माठात उगाच पेला बुडवत होते.

तेवढ्यात डोळे चोळत दक्षा आली. तिने आधी आईचे फुगलेले गाल न्याहाळले. मग आजोबांच्या पुढ्यात जाऊन मान वर केली.

"मम्मी, चिकू तू खाल्लास, मग आबांची मिशी का चिकट झालीय?"