ओली टेकडी

लव्हाळा कापला की सावलीत नीट वाळू द्यावा, मग पुन्हा ओलसर करून विणावा. हिरवा विणला तर वाळताना आकसतो आणि वीण उघडी पडते. थोरलीला हे पक्कं ठाऊक होतं. लव्हाळा आणि घायपाताचा वाख विणून तिने कितीतरी डोंगरदऱ्या, नदीकाठ उभे केले होते, प्रदर्शनांत मांडले होते. पण लव्हाळा वाळेपर्यंत थांबायला धाकटीकडे तेवढे दिवस नव्हते.

धाकटी घरामागची टेकडी फोडणाऱ्या खाणीत खडी चाळायची. आता टेकडी अर्धी उरली होती आणि धाकटी अंथरुणाला खिळली होती.

"अर्धी टेकडी माझ्या छातीत गेलीय, ताई," ती धापा टाकत हसायची. "ती काही निघत नाही. तू आपली नवी विण. लहानपणी घसरायचो ना, तशी अख्खी."

थोरलीने हिरवाच लव्हाळा विणला. पलंगाशेजारी टेकडी उभी राहिली, घट्ट, भरीव. धाकटीने उतारावरून हात फिरवला. "अगं, इथेच तुझा परकर फाटला होता!"

वीण उघडी पडू नये म्हणून थोरली रोज अंघोळ करून टेकडीवर पाणी शिंपडायची, मग जपाला बसायची. जप संपेपर्यंत ती बोलत नसे, आणि एरवी बोलली तरी खोटं बोलत नसे. दोन्ही नेम जुने.

पाण्याने टेकडीवर बुरशी धरली. आधी तळाशी, मग उतारावर. धाकटीचा खोकला वाढला. तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंनी दारातच नाकाला रुमाल लावला. "ही आजच्या आज बाहेर काढा. हिच्यापुढे माझी औषधं काय करणार?"

"राहू दे ना," धाकटी म्हणाली. "मी अशीही जाणार, तशीही जाणार."

"गप्प बैस." थोरलीने टेकडी ओढत मागच्या अंगणात नेली.

उन्हात एकेक पात आकसत गेली. माथ्याशी फट पडली, ती रुंदावत खाली उतरली. थोरलीने दोन फटी वाखाने ओढून शिवल्या, तर शेजारी तिसरी उघडली. कुंपणापलीकडे खाणीचं यंत्र धडधडत होतं.

"ताई, कशी आहे गं ती?" आतून हाक आली.

थोरली आत गेली. कोनाड्यातली जपमाळ घेऊन ती पलंगाच्या पायथ्याशी बसली.

धाकटीने तिच्या बोटांकडे पाहिलं. सकाळचा जप तर केव्हाच झाला होता.

"बरं," ती भिंतीकडे वळत म्हणाली. "झाला की सांग."

अंधार पडला तरी थोरलीची माळ फिरतच राहिली.