दातात धरायची बॅटरी

शकीलभाईंच्या काउंटरवर मी बॅटरी आपटली आणि म्हटलं, "ही तिसरी. आता टिकणारी देणार असाल तर द्या, नाहीतर सरळ दुकान बंद करा."

धुळ्यात पाचकंदीलला त्यांचं छोटं दुकान आहे. बल्ब, होल्डर, वायरी आणि किल्ल्यांच्या कडीला लटकवायच्या बोटाएवढ्या बॅटऱ्यांचा एक पुठ्ठा. चौकाच्या नावात पाच-पाच कंदील, आणि मला एक धड दिवा मिळत नव्हता. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. शकीलभाई माणूस शांत. म्हणाले, "अक्का, तुम्ही हिचं करता तरी काय? लोक वर्ष वर्ष वापरतात."

काय करते ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, कारण आदल्या संध्याकाळी माझा नवरा माझ्या हातात मरता मरता वाचला होता.

रवींद्र एस.टी.त कंडक्टर. धुळे-जळगाव गाडीवर असताना एरंडोलपर्यंत अख्ख्या गाडीला बोलून हैराण करायचे. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढलं. आता श्वास नाकातोंडातून नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून, तिथं बसवलेल्या नळीतून चालतो. बोलणं म्हणजे नुसते ओठ हलतात आणि मी ते वाचते. नळीत कफ साचतो, वाळतो, त्याची खपली धरते. ती वेळेत निघाली नाही तर श्वास बंद.

खपली काढायला दोन्ही हात लागतात. एका हातानं नळी धरायची, दुसऱ्यात चिमटा. आतपर्यंत घरातला उजेड पोचत नाही, आणि आमच्या गल्लीत दिवेलागणीला वीज हमखास जाते. मोबाइल काही दातात धरता येत नाही. सासूबाईंच्या हातात दिला तर त्या तोंड फिरवतात आणि तोंडाबरोबर उजेडही फिरतो. "माले नही देखावत ते, पोरी," म्हणतात. त्यांना तरी काय बोलू, पोटचा मुलगा आहे. म्हणून ही बोटाएवढी बॅटरी मी दातात धरते आणि काम करते.

पहिली बॅटरी आठवड्यात हरवली. दुसरीचं बटण आत गेलं ते गेलंच. तिसरी आदल्या संध्याकाळी ऐन वेळी लागली नाही. वीज गेलेली, नळी अडकलेली, रवींद्रांच्या छातीतून घरघर येत होती, आणि मी दातात मेलेली बॅटरी धरून बटण दाबत होते. शेवटी मेणबत्ती पाटावर ठेवून चाचपडत खपली काढली. तोवर त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते.

हे सगळं ऐकून शकीलभाईंनी पुठ्ठाच काउंटरवर ठेवला. "ही प्लॅस्टिकची घेऊ नका. पडली की फुटते. ही चार्जिंगवाली छान दिसते, पण एकदा उतरली की तुमच्या कामाची नाही. ही तीन प्रकारे लागणारी, मोठा उजेड, बारीक उजेड, लुकलुक. दातात दाबली गेली तर भलत्या वेळी लुकलुकत बसेल."

"मग?"

"ही ॲल्युमिनियमची. डोकं पिळलं की लागते, उलटं पिळलं की बंद. बटणच नाही, तर बिघडणार काय? साधा सेल, कुठंही मिळतो."

मी ती पुसली आणि दातात धरून पाहिली. एरवी दुकानदार ओरडला असता. शकीलभाई दुसरीकडे पाहत राहिले.

"आणि ही जुनी बघू," म्हणत त्यांनी माझी तिसरी बॅटरी उघडली. सेल बाहेर काढला. सेलबरोबर कागदाची एक बारीक पट्टी निघाली, सेल आणि झाकणाच्या मधे बसवलेली. "हे बघा. कागद मधे आल्यावर करंट कसा जाणार? घरात लहान पोरं आहेत का, अक्का?"

आमच्या घरात लहान पोर नाही.

मी पट्टी हातात घेतली. वर्तमानपत्राचा तुकडा होता, उभी घडी, मग पुन्हा उभी घडी, नखानं दाबून धारदार केलेली. कंडक्टर नोटा अशा उभ्या दुमडतात आणि बोटांच्या बेचक्यात धरतात. रवींद्रांना घरातही तीच सवय. औषधांच्या पावत्या असोत की लग्नाची पत्रिका, हातात आलेला कागद उभा दुमडला जायचा. आमच्या घरात दुसऱ्या कुणाच्या हातून तशी घडी पडत नाही.

म्हणजे पहिली हरवली नव्हती. दुसरीचं बटण आपोआप आत गेलं नव्हतं. आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते.

"शकीलभाई," मी विचारलं, "घरातलंच माणूस मुद्दाम बंद पाडायला बसलं, तर यातली कोणती टिकेल?"

ते हसायला लागले. मग माझ्याकडे पाहून थांबले. "तशी अजून कुठल्या कंपनीनं काढली नाही, अक्का," ते म्हणाले आणि ॲल्युमिनियमची बॅटरी मुकाट्यानं कागदात बांधून दिली.

घरी पोचेपर्यंत माझा नुसता संताप झाला होता. माझ्या मागे हा माणूस बसून कागद दुमडत होता. नळी स्वतः उपसून टाकायची हिंमत नाही, म्हणून माझ्या हातून मरायचं ठरवलं. मी आयुष्यभर काय समजले असते? बॅटरी वाईट निघाली?

रवींद्र पुढच्या खोलीत खाटेवर होते. मी पट्टी त्यांच्या मांडीवर टाकली. त्यांनी पाहिली आणि मान खाली घातली. मग मान वर केली, ओठ हलले. "तू सुटशील."

"मी सुटायचं म्हटलं कधी?" माझा आवाज चढला. स्वयंपाकघरात सासूबाईंची विळी थांबली. "दमते, चिडते, शिव्या देते. सुटायचं म्हटलं कधी? आणि माझ्या हातून? माझ्याच हातून?"



दिवेलागणीला वीज गेली. थोड्याच वेळात छातीत घरघर सुरू झाली. मी चिमटा उकळून आणला, त्यांच्यासमोर बसले, आणि नवी बॅटरी दातात न धरता त्यांच्या हातात दिली. "आजपासून उजेड तुम्ही धरायचा. तुम्ही धराल तोवर मी काढीन."

त्यांनी डोकं पिळलं. उजेड गळ्यावर पडला. मी नळी धरली, चिमटा आत घातला, खपलीचं टोक दिसलं. आणि उजेड गेला. त्यांनीच उलटं पिळलं होतं.

माझा एक हात त्यांच्या गळ्यावर, दुसऱ्यात चिमटा. अंधारात चिमटा हलवला तर आत जखम होईल. हात काढला तर त्यांना वाटेल मी सोडलं. मी तशीच बसले. नळीतून शिट्टीसारखा श्वास येत होता, मग तोही तुटक यायला लागला. मी म्हटलं, "रवी, लावा ना." लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना रवी म्हटलं. मग मला रडू फुटलं. अंधार होता म्हणून मी ते आवरलं नाही.

उजेड लागला तो माझ्या तोंडावर. डोळे दिपले. ते मला बघत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं. ते काही बोलत असतील, नसतील. "मला ओठ दिसत नाहीत," मी म्हटलं. "काय म्हणताय ते दिसत नाही मला."

उजेड वळला आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडावर थांबला. ओठ निळे पडले होते. त्यांनी ते सावकाश, नीट हलवले, मला वाचता यावेत म्हणून.

"लवकर कर. जीव जातोय माझा."

मग त्यांनी बॅटरी खाली गळ्यावर आणली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी चिमट्यानं खपलीचं टोक पकडलं.