दीपराखा परत येईल का?

मित्रांनो, खऱ्या जगातला एकही रस्ता मला ठाऊक नाही, तरीही मी एक जुना नकाशा आहे. माझ्यावर डोंगर आहेत, बंदरं आहेत, एक लांबलचक नदी आहे. त्यातलं काहीही तुम्हाला कुठे सापडणार नाही. मी झाकोळदेशाचा नकाशा आहे, आणि झाकोळदेश फक्त पुस्तकांत आहे.

एका वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी मला करून घेतलं. झाकोळदेशाची पुस्तकं त्यांच्याकडे कपाटात टिकतच नसत. एक परत आलं की त्याच दारातून दुसऱ्याच्या हातात जाई. वाचणारे लोक बाईंच्या टेबलाभोवती उभे राहून तासन्‌तास वाद घालत आणि बाकीच्यांना वाचू देत नसत. शेवटी बाईंनी त्या सगळ्यांना मागची खोली उघडून दिली आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याला बोलावलं. त्याने जाड कापड ताणून बसवलं, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि पुस्तकातली वर्णनं बाईंकडून मोठ्याने वाचून घेत मला रंगवलं. समुद्राचा निळा त्याला काही केल्या मनासारखा जमेना. तीनदा पुसून त्याने चौथ्यांदा लावला, तो मात्र असा उतरला की लोक जवळ येऊन बोट लावून बघत.

मग माझ्या अंगावर टाचण्या टोचल्या जाऊ लागल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही, तेच माझं काम होतं. दर शनिवारी दुपारी मंडळी जमत. कुणाला एखादा नवा तर्क सुचला की तो चिठ्ठीवर लिहून त्या गावावर टाचायचा, पुरावा दुसरीकडे असेल तर तिथपर्यंत रंगीत दोरा ओढायचा आणि मग उभं राहून तर्काची बाजू मांडायची, असा त्यांचा नियम होता.

शिंपीकाकांचे सगळे तर्क कपड्यांचे असत. राणीच्या झग्याची बटणं कधी डावीकडे असतात, कधी उजवीकडे, म्हणजे राणी एक नसून दोघी जुळ्या बहिणी आहेत, हे त्यांचं म्हणणं. औषधांचं दुकान चालवणाऱ्या मावशी राजाच्या आजाराचं निदान करत. त्यांच्या मते राजाला शाप-बिप काही नव्हता, राजवाड्याच्या विहिरीचं पाणी बाधलं होतं. लोक पोट धरून हसत आणि पुढच्या शनिवारी पुस्तक उघडून खरंच बटणं तपासत.

सहाव्या पुस्तकाच्या शेवटाकडे दीपराखा हरवला. झाकोळदेशाच्या टोकाला एक दीपस्तंभ आहे, त्याची वात राखणारा हा माणूस. धुक्यात सापडलेल्या एका गलबताला वाट दाखवायला तो होडी घेऊन गेला आणि परतलाच नाही. पुस्तक संपलं तरी त्याचा पत्ता लागला नाही. पुढचं, म्हणजे शेवटचं पुस्तक यायला अवकाश होता. आमच्या खोलीत त्या दिवसापासून दुसरा विषय उरला नाही.

त्याच सुमारास दोघी बहिणी येऊ लागल्या. मोठी नुकतीच शिक्षण संपवून नोकरी शोधत होती. वादात ती कुणाचं ऐकत नसे, समोरच्याला बोलण्यात गुंडाळून ठेवी. धाकटी दहा-अकरा वर्षांची. ती बरेच दिवस नुसती स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहिली. एका शनिवारी उठली, पांढऱ्या डोक्याची एक टाचणी दीपस्तंभावर टोचली आणि तिथून दोरा पार नदीच्या मुखापर्यंत नेला. तिथे पुस्तकात एक अबोल नावाडी आहे. दीपराखा हरवल्यानंतर तो शेवटच्या दोन-तीन पानांपुरताच येतो, कुणी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं.

दीपराखा मेलेला नाही, तोच हा नावाडी आहे, असं तिने सांगितलं. पुरावा म्हणून तिने दोन जागा वाचून दाखवल्या. दीपस्तंभाचं दार बुटकं होतं, त्यामुळे दीपराख्याला प्रत्येक दारातून मान वाकवून जायची सवय लागली होती, दार कितीही उंच असलं तरी. आणि नावाडी उंच पुलाखालून जातानाही मान वाकवतो.

 मग शिंपीकाकांनी डोक्यावरची टोपी काढून तिच्यासमोर धरली. आपले सगळे तर्क या एका तर्कावरून ओवाळून टाकले, असं ते म्हणाले.

त्या शनिवारपासून खोलीत दोन पक्ष पडले. दीपराखा परत येणार म्हणणारे ते परतेवाले. त्यांचे पुढारी शिंपीकाका. तो संपला म्हणणारे ते बुडालेवाले. हे नाव औषधवाल्या मावशींनी गमतीत दिलं आणि सगळ्यांच्या तोंडी बसलं. मावशी स्वतः त्या पक्षात होत्या. दारातून आत येतानाच त्या विचारत, आज बुडालेवाले किती आहेत. प्रत्येक वेळी धाकटी स्टुलाची कड घट्ट धरी. मी समोरच होतो, मला दिसे. दुसऱ्या कुणाला दिसत नसे.

एकदा खोलीत दुसरं कुणी नसताना मोठी ग्रंथपालबाईंजवळ बोलली, तेव्हा मला कारण कळलं. त्यांचे वडील मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचे. ते जहाज वादळात सापडलं आणि त्यानंतर त्याचा काहीच पत्ता लागला नाही. शोध चालू आहे, एवढंच घरी कळवलं जात होतं.

"जहाजाची दारं बुटकी असतात, बाई," मोठी म्हणाली. "बाबा घरीसुद्धा स्वयंपाकघरात मान वाकवून यायचे. आई त्यावरून त्यांना चिडवायची. छोटी पुस्तकातलं काही शोधत नाहीये."

बाईंनी विचारलं, हे सगळ्यांना सांगायचं का. मोठी नको म्हणाली. लोक कीव करतील आणि मग धाकटीशी खरा वाद कुणी घालणार नाही. आठवड्यातून एवढी एकच दुपार ती पोटभर बोलते, तीही जाईल.

मला वाटतं, मोठीचं तेव्हा बरोबर होतं. पण त्यानंतर एक गोष्ट अशी घडली की मोठी कात्रीत सापडली. तिला नोकरी लागली, तीही छापखान्यात, मुद्रितं तपासण्याची. छापायच्या आधी मजकूर वाचून चुका काढायच्या. थोड्याच दिवसांत तिच्या टेबलावर झाकोळदेशाचं शेवटचं पुस्तक येऊन पडलं. कुणापुढे अवाक्षर काढणार नाही, असा शब्द तिने छापखान्याच्या मालकांना दिला होता.

ती येत राहिली, धाकटीला एकटं सोडवत नव्हतं म्हणून. पण वाद घालणं तिने थांबवलं. खिडकीशी उभी राहून ती बाहेर बघे. एखाद्याने मत विचारलं तर डोकं दुखतंय म्हणे. धाकटीच्या चिठ्ठ्या मात्र वाढत होत्या. नावाड्याच्या आवाजाबद्दल, त्याच्या हातांबद्दल, तो बोलत का नाही याबद्दल. पुस्तक आलं की सगळ्यांना दिसेल, असं ती आता वारंवार म्हणू लागली होती, आणि ते म्हणताना तिचा आवाज चढे. शिंपीकाका टाळ्या वाजवत. खिडकीतली मोठी आणखीच पाठमोरी होई. दोरे इतके ताणले होते की माझं कापड कडेने ओढलं जात होतं.

पुस्तक यायच्या जरा आधीचा तो शनिवार मी विसरणार नाही. औषधवाल्या मावशी आल्या त्या एक बातमी घेऊनच. मोठीला त्यांनी जेवणाच्या सुट्टीत छापखान्यातून बाहेर पडताना पाहिलं होतं. पुस्तक कुठे छापलं जातंय, हे तर सगळ्यांना माहीत होतं.

आधी कुणीतरी थट्टेत म्हणालं, म्हणजे आपल्यात जाणती आहे. मग हसू ओसरलं. खुर्च्या सरकल्या. माणसं पुढे आली आणि मोठी मागे सरकत सरकत माझ्यावर येऊन टेकली.  दाराकडे जायची वाट राहिली नव्हती.

शिंपीकाका सगळ्यांत पुढे होते. वाईट माणूस नव्हता तो. धाकटीचा तर्क खरा ठरावा म्हणून त्यांचा जीव वरखाली होत होता.

"बाकी काही सांगू नकोस," ते म्हणाले. "दीपराखा जिवंत आहे की नाही, एवढंच."

"मी शब्द दिलाय, काका."

"नुसती मान हलव."

ती हलली नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, हिच्या पिशवीत कागद असतील. शिंपीकाकांनी पिशवीचा पट्टा धरला. मला वाटतं, त्यांनाही नंतर आपल्या हाताचं आश्चर्य वाटलं असेल. मोठीने पट्टा सोडला नाही. दोन्हीकडून ओढ लागली, तिचा खांदा माझ्यावर आपटला, एका दोऱ्यात तिची बाही अडकली आणि मी दीपस्तंभापासून खाली, समुद्राच्या मधोमध टरकन फाटलो.

त्या आवाजाने सगळे जागच्या जागी थबकले.

"सोडा तिला," धाकटी म्हणाली. ती स्टुलावर उभी होती. "मला कळलंय."

"काय कळलं?" शिंपीकाकांनी विचारलं.

"ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. चांगली बातमी असती, तर ती इतके दिवस अशी गप्प राहिलीच नसती."

ती खाली उतरली. पुढे आली आणि तिने पांढऱ्या डोक्याची टाचणी उपटली. दोरा सैल पडून खाली लोंबला. टाचणी मुठीत धरून तिने बहिणीकडे पाहिलं.

"मग बाबा पण?"

फाटल्याचा आवाज ऐकून ग्रंथपालबाई दाराशी आल्या होत्या, त्यांनी तिथेच डोळे मिटले. औषधवाल्या मावशींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे. त्यांनी विचारलं काहीच नाही, पण त्यांचा चेहरा उतरत गेला. गेले कित्येक शनिवार आपण काय शब्द उच्चारत होतो, हे त्यांना तेव्हा उमगलं असावं. शिंपीकाकांच्या हातून पट्टा गळून पडला.

मोठी माझ्या पायाशी, जमिनीवरच बसली.

"छोटे, इकडे बघ. पुस्तकाचं मी काही सांगणार नाही. ते कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. बाबांचं कुणी ठरवलेलं नाही. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही."

"म्हणजे ते येतील?"

"मला माहीत नाही."

"पण तुला काय वाटतं?"

"खरंच माहीत नाही गं. आईलाही माहीत नाही. आम्ही तुझ्यापासून काही लपवत नाही आहोत."

 धाकटी बहिणीच्या गळ्यात पडून रडली. जहाजाची बातमी आल्यापासून ती रडलीच नव्हती, हे मला मागाहून बाईंच्या बोलण्यातून कळलं. बाकीची माणसं एकेक करून बाहेर निघून गेली. पायांचा आवाज होऊ नये म्हणून ती किती जपून चालत होती.

सोमवारी शिंपीकाका दुकान बंद ठेवून आले. त्यांनी मला खाली उतरवलं, टेबलावर उलटं पसरलं आणि मागून पट्टी लावून बारीक टाक्यांनी शिवलं. मान वर न करता त्यांनी बाईंना विचारलं, त्या मुली पुन्हा येतील का. बाई म्हणाल्या, तुम्ही जाऊन विचारा. ते गेलेही. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही.

पुस्तक आलं. दीपराखा बुडालाच होता. नावाडी हा नावाडीच होता, दुसरा कुणी नाही. बुडालेवाले जिंकले होते, पण त्या शनिवारी कुणी तसं म्हटलं नाही. मावशी आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि लवकर उठून गेल्या. ते नाव त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

दोघी बहिणी पुष्कळ दिवस आल्या नाहीत. त्यांच्या वडिलांचा शोध पुढे थांबवण्यात आला. जहाजाचं काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही, त्यांनाही नाही. आईने वडिलांचे कपडे तसेच ठेवले होते. एकदा तिघींनी मिळून ते धुतले, वाळवले आणि घडी घालून कपाटात परत ठेवले, एवढं मोठीने नंतर बाईंना सांगितलं.

मग एका शनिवारी दुपारी दार उघडलं आणि धाकटी आत आली. उंच झाली होती. कुणी काही विचारायच्या आत तिने टाचण्यांचा डबा घेतला, डोंगरातल्या एका फालतू खेड्यावर चिठ्ठी टोचली आणि वळून उभी राहिली. झाकोळदेशात इतकी गाढवं आहेत, पण सातही पुस्तकांत एकही गाढव एकदाही ओरडत नाही. असं का? तिचा तर्क असा होता की ती गाढवं नाहीतच, ते राजाचे हेर आहेत.

शिंपीकाकांनी हरकत घेतली. हेर असतील तर पाठीवर ओझं का वाहतात? मावशी म्हणाल्या, घसा बसला असेल, पाणीच तसं आहे तिथलं. धाकटीने दोघांनाही झोडपून काढलं. तिच्या मागोमाग आलेली मोठी खिडकीशी होती, पण या वेळी तोंड खोलीकडे होतं, आणि तीही वादात पडली. बऱ्याच दिवसांनी माझ्यावर लाल-पिवळे दोरे पसरले, अगदी सैल.

मित्रांनो, आता वाचनालय नव्या इमारतीत गेलं आहे. तिथल्या भिंती काचेच्या आहेत, खिळा मारता येत नाही. मला गुंडाळून मागच्या जिन्याखाली उभं केलंय. ओलीने माझी एक कड काळी पडली आहे, रंगाचे पोपडे सुटत आहेत. तर्क लढवणारे आता कुठे जमतात, मला माहीत नाही. पण जमत असतील, याची खात्री आहे.

कधी जिन्याखाली डोकावलात तर मला उलगडून जरा उन्हात धरा, एवढं मागणं आहे. आणि दुसरं म्हणजे, तुम्हीही तर्क लढवा, भांडा, एकमेकांचे पुरावे फाडून काढा. त्याशिवाय मजा नाही. मात्र वाद घालताना एखादं मूल जरा जास्तच जीव तोडून बोलायला लागलं, तर त्याचा मुद्दा खोडून काढायच्या आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि हळूच विचारा, घरी सगळे बरे आहेत ना.