नावलेरीला कोण उतरणार?

वेस्ट मांबलमचं घर सोडून राणोजीराव मुलाकडे वेलचेरीला राहायला आले, ते काही फार खुशीत नव्हते. एग्मोरच्या रेल्वे ऑफिसात लागल्यापासूनचं त्यांचं सगळं आयुष्य मांबलम स्टेशनाच्या आसपास गेलं होतं. भाजीवाला ओळखीचा, कॉफीपूड दळून देणारा ओळखीचा. पण पत्नी गेल्यावर विजयेंद्रनं हट्टच धरला, "अप्पा, आता एकटं राहायचं नाही." म्हणून आले. तेराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली पोहण्याचा तलाव, फाटकावर इंग्रजीत भलंमोठं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन ते बाल्कनीत उभे राहिले आणि समोर परंगिमलैची टेकडी दिसली. टेकडीचा तो उतार त्यांनी नेमका असाच कधीतरी पाहिला होता. कॉफी तशीच ठेवून ते खाली उतरले, गल्लीबोळांतून फिरत राहिले. मोबाइलच्या दोन दुकानांमध्ये अंग चोरून बसलेलं गणपतीचं एक चिमुकलं देऊळ दिसलं, तेव्हा ते जागीच थबकले. मूर्तीच्या सोंडेचा टवका उडालेला होता, अगदी पूर्वीसारखा.

घरी येऊन त्यांनी सुनेला हाक मारली. "नित्या! अगं, ही तर नावलेरी! माझं गाव!"

"अप्पा, हे वेलचेरी एक्स्टेन्शन आहे," नित्या म्हणाली. घराण्यानं तीही तंजावरची मराठी, पण शाळा-कॉलेज सगळं चेन्नईत झालेलं. मराठी बोलताना तिला मधूनमधून शब्द शोधावे लागत.

राणोजीरावांचे वडील तंजावरहून इथं शाळामास्तर म्हणून आले होते. तेव्हा इथं भातखाचरं होती, एक मोठं तळं होतं आणि माडांच्या झापांनी शाकारलेली घरं. नावल म्हणजे जांभूळ आणि एरी म्हणजे तळं, म्हणून नावलेरी. राणोजी तिसरीत असताना वडिलांची बदली झाली आणि गाव सुटलं ते सुटलंच. पुढे शहर पसरत आलं, खाचरांचे प्लॉट पडले, तळं बुजलं आणि नावही कुठेतरी गळून गेलं. सोसायटीत त्यांनी कितीतरी जणांना विचारून पाहिलं. कुणी ते नाव ऐकलेलं नव्हतं.

राणोजीरावांना ते फार लागलं. त्यांनी एक उपाय काढला. वेलचेरी स्टेशनाबाहेरच्या शेअर ऑटोत बसले की ते मोठ्यानं सांगायचे, "नावलेरी."

सेल्वी नावाची एक ऑटोवाली होती, चाळिशीची, आवाजानं खणखणीत. पहिल्यांदा ती म्हणाली, "अय्या, असा स्टॉपच नाही."

"आहे. तू चल, मी दाखवतो."

आपल्याच सोसायटीच्या फाटकाशी त्यांनी ऑटो थांबवली, तेव्हा ती हसत सुटली. पण म्हातारा पुढेही रोज तेच सांगू लागला, आणि जाताजाता तळ्याच्या, खेकड्यांच्या गोष्टी सांगू लागला, तेव्हा तिला मौज वाटली. एक दिवस स्टेशनाबाहेर इतर थांब्यांच्या नावांबरोबर तिनंच आरोळी ठोकली, "नावलेरी, नावलेरी, नावलेरी!" राणोजीरावांना वाटलं, आपल्याला कुणीतरी हारच घातला.

मग बाकीचे ऑटोवालेही तसंच ओरडू लागले. नवी माणसं विचारायची, "नावलेरी म्हणजे नवा मॉल का?" आणि बसायचीसुद्धा.

सोसायटीत मात्र कुरबुर सुरू झाली. सेक्रेटरी तन्मय पुण्याहून नोकरीसाठी आलेला, स्वभावानं सरळ, पण ग्रुपवरच्या तक्रारींनी बेजार झालेला. तो घरी येऊन म्हणाला, "काका, राग मानू नका. लोक म्हणतात, खेड्याचं नाव पडलं तर फ्लॅटची किंमत उतरेल."

नित्यालाही ओशाळल्यासारखं झालं. तन्मय गेल्यावर ती म्हणाली, "अप्पा, सगळे मलाच विचारतात. कशाला हे? त्या गावाचं आता एक माणूस तरी आहे का?"

त्यानंतर आठवडाभर राणोजीरावांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही.

रविवारी दुपारी वॉचमनचा फोन आला. खाली सेल्वी उभी आहे, म्हणे, आणि तिच्याबरोबर एक आजीबाई आहेत. त्या कुणाचं काही ऐकत नाहीत.

राणोजीराव खाली गेले. मागोमाग नित्याही गेली. फाटकाशी एक काटक म्हातारी उभी होती. नाकात दोन्हीकडे चमक्या, काखेत कापडी पिशवी. ती वॉचमनला दटावत होती, "मला कसलं नाव लिहायला सांगतोस? तू उभा आहेस तिथं आमच्या म्हशी बसायच्या!"

सेल्वीनं सांगितलं, "अय्या, या मेडवाक्कमला निघाल्या होत्या. स्टेशनाबाहेर माझी आरोळी ऐकली आणि इतक्या जणांना ढकलून ऑटोत घुसल्या. म्हणाल्या, कोण नावलेरी म्हणतंय, त्याच्याकडे ने."

म्हातारीचं नाव कन्नियम्मा. तिच्या माणसांनी जमीन विकून गाव सोडलं, त्याला कैक वर्षं झाली होती. राणोजीरावांनी आपली ओळख सांगितली. तिला ते मुळीच आठवेनात.

"मी मास्तरांचा मुलगा," ते म्हणाले. "शाळेमागच्या जांभळीवर चढायचो!"

"शाळेमागे कुठली आली जांभळी? तिथं चिंच होती."

"जांभूळ! गावाचं नावच त्यावरून पडलं."

"ती झाडं माझ्या आजोबांच्या वेळी तोडली. तुम्ही चिंचेवरच चढला असाल. जीभ आंबली होती का नाही, ते आठवा."

राणोजीरावांनी खरंच आठवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. सेल्वी तोंडाला पदर लावून हसू लागली. तोवर तन्मयसह बरीच माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, "आजी, आमचा सी टॉवर कुठे आहे?"

कन्नियम्मानं टेकडीकडे आणि मग देवळाकडे पाहून अंदाज घेतला. "तळ्यात," ती म्हणाली. "पार मधोमध."

"तरीच दरवर्षी पार्किंगमध्ये पाणी भरतं!" तन्मय म्हणाला, आणि सगळे खो-खो हसले.

नित्यानं तिला आग्रह करून वर जेवायला चला म्हटलं. जेवण हा शब्द कानावर पडताच कन्नियम्मा थांबली. तिनं राणोजीरावांकडे निरखून पाहिलं. "मास्तरांचा मुलगा... त्या उंच बाईंचा? संध्याकाळी दारात उभ्या राहून ओरडायच्या, त्यांचा?"

आणि तिथंच, माणसांच्या घोळक्यात, तिनं कमरेवर हात ठेवून लांब सुरात हाक दिली,

"राणू, सेवाला एरेऽऽ, अंबडबाजी निवत्तेऽऽ!"

बाकीच्यांना काही कळलं नाही. राणोजीरावांना मात्र सगळं कळलं. त्यांनी तेच शब्द नीट म्हटले, "राणू, जेवाला ये रे, अंबटभाजी निवत्ये!" शब्द तमिळ जिभेवर वेडेवाकडे झाले होते, पण चढउतार आईचाच होता. शेवटच्या शब्दावर आवाज असा वर जायचा की तळ्यापलीकडे ऐकू जाई. आई जाऊन किती वर्षं झाली. तिचा सूर ते स्वतःच विसरले होते. ते फाटकाजवळच्या कठड्यावर मटकन बसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

"तुम्ही कुठे शिकलात हे?" नित्यानं विचारलं.

"शिकायचं काय त्यात! गावातली सगळी पोरं त्या बाईंची नक्कल करायची. मला वाटायचं, शिवी आहे. पण कानाला बरी लागायची. लग्न झाल्यावर मी कोंबड्यांना तशीच हाक मारायची, मग मुलांना. आता नातसुनाही तशाच ओरडतात. आमच्या घरी जेवणाची हाक म्हणजे हीच." मग तिनं जरा घाबरत विचारलं, "शिवी नाही ना?"

नित्यानं तिला अर्थ सांगितला. कन्नियम्मानं कपाळाला हात लावला. "अय्यो! इतकी वर्षं मी घरातल्या पोरासोरांना राणू म्हणत आले!"

त्या दिवशी ती जेवून, दोनदा कॉफी घेऊन, सेल्वीच्याच ऑटोनं गेली. जाताना निक्षून सांगून गेली, पुढच्या रविवारी मेडवाक्कमला यायचंच. गावातली आणखी चार डोकी तिथं आसपास आहेत.

रविवारी विजयेंद्रनं गाडी काढली. नित्यानं पहाटे उठून मोठं पातेलंभर अंबटभाजी केली होती. पाककृती सासऱ्यांकडूनच घेतलेली. त्यांनी तीन वेळा चव पाहून तीन वेळा चिंच वाढवायला लावली होती.

कन्नियम्माच्या अंगणात पाचसहा म्हातारी माणसं वाटच पाहत होती. रामराम होतो न होतो तोच त्यांचा वाद जुंपला. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा होता की फुटका नांगर? तळ्यात मगर होती की ती नुसतीच मास्तरांनी उठवलेली हूल? राणोजीराव हिरिरीनं भांडत होते आणि प्रत्येक मुद्द्यावर हरत होते. विजयेंद्र दारातून पाहत राहिला. बापाला इतकं मोठ्यानं बोलताना त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

पानं मांडून झाली. नित्यानं भाजी वाढली. कन्नियम्मानं बोटानं चाटून पाहिली, डोळे मिटले, पुन्हा एकदा चाटली.

"ही होय ती!" ती म्हणाली. "अगं, मग ही निवण्याआधी खायला नको का? बसा, बसा सगळे!"

राणोजीराव घंटेचा मुद्दा अर्ध्यावर टाकून पानावर येऊन बसले.