गोधडीचा लाल दोरा

लेक झोळीत झोपली आहे. ती उठायच्या आत मला एक जुनी थाप दुरुस्त करायची आहे.

सातवीत असताना मी विज्ञान प्रदर्शनात रेडिओ मांडायचं ठरवलं. सेल नाही, लाइट नाही, नुसत्या तारेवर बोलणारा. वर्गातला रोनक सगळ्यांसमोर म्हणाला, "मग आत काय भूत बोलणार?" आता तो वाजायलाच हवा होता.

जळगावात नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान. नवी तार गिऱ्हाइकाची, तिला हात लावायचा नाही. म्हणून मी जळक्या मोटारीतून निघालेली तार पाइपच्या तुकड्यावर गुंडाळली, त्याला एक डायोड आणि जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर जोडला, गच्चीवर एरियल ताणली, एक तार नळाला बांधली. दोन दिवस कान लावून बसले. काहीच नाही.

नाना म्हणाले, "अगं, त्या तारेवरचं वार्निश जळालंय. वेढे एकमेकांना टेकतात. पुढच्या वर्षी बघू."

आई गोधडी शिवत होती. ती माहेरची साक्रीकडची, शाळा दुसरीपर्यंत. मान वर न करता म्हणाली, "टेकतस ना? मंग मझार दोरा घाल."

आणि तिनंच पाइप मांडीवर घेतला. तार आणि गोधडीचा लाल दोरा जोडीनं धरून एकेक वेढा बसवत गेली. दोन तारांच्या मधे प्रत्येक वेळी दोरा. तिचा टाका जसा सरळ, तसंच हेही. झाल्यावर रिसीव्हर मी आधी तिच्याच कानाला लावला.

"ओ माय! कोनी तरी कापूसना भाव सांगी ऱ्हायना!"

प्रदर्शनात परीक्षकांनी दोऱ्यावर बोट ठेवलं. "ही युक्ती कुणाची?"

आई दाराशीच उभी होती. मी म्हणाले, "नानांची." मोटारवाल्याच्या पोरीनं तेच म्हणायचं असतं असं वाटलं. पहिला नंबर आला. घरी येताना आई एवढंच म्हणाली, "तुन्हं भूत चांगलं बोलनं, रत्ने."

आज सकाळी फोनवर तिला सांगितलं, की मी तेव्हा खोटं बोलले.

"आते आठवनं? वीस वरीस व्हयनात! जाय, पोरले दूध पाज."

झोळी हलायला लागली. लेकीच्या अंगावर आईनंच शिवलेली गोधडी आहे. तर घाईत का होईना, लिहून ठेवते: दोरा माझ्या आईचा, भागाबाईंचा. युक्तीही भागाबाईंचीच.